रोमन छुरिकेची प्रतिकृति

जुन्या कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना अस्सल, नक्कल आणि बनावट या तीन शब्दांतील अंतर सांगावयास नको. नक्कल ही नक्कल म्हणून पुढें येते तोंवर ती इतिहासाची दासी असते. तिनें अस्सलाचा आव आणला कीं ती बनावट ठरते. कागदाच्या बाबतींत ही परीक्षा कशी करावी याचे धडे पूर्वसूरींनीं आपणांस घालून दिलेले आहेत. अक्षराचें वळण, कागदाचा पोत, शाई, शिक्का, मायना, कालगणना, यांपैकीं एक जरी गोष्ट जुळली नाहीं तरी वाचणारा थबकतो. परंतु वस्तूंच्या बाबतींत, विशेषेंकरून शस्त्रांच्या बाबतींत, पोथ्यांत वाढलेल्या माणसाची दृष्टि किती आंधळी असते याचा प्रत्यय आम्हांस तीन वर्षांपूर्वीं आला. प्रस्तुत लेख त्या प्रत्ययांतून निघाला आहे.

आमचे एक स्नेही नाणीं व शस्त्रें यांचे जुने संग्राहक आहेत. त्यांनीं युरोपांतून आणविलेला एक खंजीर आम्हांस दाखविला. गंजानें काळवंडलेलें रुंद पातें, शिंगाची मूठ, लोखंडी म्यानावर चांदीचें नक्षीकाम. विकणारानें तो 'रोमन, पहिलें शतक' म्हणून दिला होता. आम्हीं टॅसिटस् व सुएटोनियस् यांचे ग्रंथ भाषांतरांतून वाचलेले. त्यांतील प्रसंग मनांत घोळत होते. वस्तु समोर होती, परंतु आम्हीं वाचली ती ग्रंथांतील. स्नेह्यांच्या आग्रहावरून पांच ओळींचा अभिप्राय लिहून खालीं सही केली. तो अभिप्राय जोडून खंजीर एका सार्वजनिक संग्रहास अर्पण करावा असा त्यांचा मानस होता. पुढें काय झालें तें ओघानें येईलच. आधीं हें शस्त्र मूळ काय होतें तें सांगितलें पाहिजे.

लॅटिन भाषेंत यास 'पुगिओ' म्हणत. टोंचणें या अर्थाचा 'पुंगो' हा धातु आणि मूठ या अर्थाचा 'पुग्नुस्' हा शब्द, यांच्याशीं त्याचें नातें लावतात. अमरकोशांत छुरिकेस असिपुत्री आणि असिधेनुका अशीं नांवें आहेत; म्हणजे ती तरवारीची लेक किंवा तरवारीची गाय. रोमन पुगिओस पहिलें नांव चांगलें शोभतें, कारण पायदळाच्या शिपायाच्या कंबरेस एका बाजूला 'ग्लाडिउस्' ही आंखूड तरवार आणि दुसऱ्या बाजूला ही तिची लेक असे.

हें शस्त्र रोमचें मूळचें नव्हे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर पॉलिबियस् यानें रोमन सैनिकाच्या सर्व साहित्याची तपशीलवार याद दिली आहे. तींत तरवार आहे, भाला आहे, ढाल आहे, पण छुरिका नाहीं. स्पेनमधील केल्टिबेरियन लोकांजवळ मात्र त्या काळीं दोन चकत्यांच्या मुठीची रुंद पात्याची छुरिका होती. एक चकती मुठीच्या मध्यावर व दुसरी शेंड्यास. इ.स.पू. १३३ मध्यें नुमान्तिया शहर पडलें. त्या व त्याआधींच्या मोहिमांत रोमन शिपायांनीं शत्रूचें हें हत्यार उचललें असावें, असें पंडितांचें मत आहे, आणि आम्हांस तें ग्राह्य वाटतें. ज्या शत्रूनें वर्षानुवर्षें झुंजविलें त्याचेंच शस्त्र जेत्यानें कंबरेस लावावें यांत नवल कांहीं नाहीं. आपल्या शस्त्रागारांतील निम्म्या हत्यारांचीं नांवें फारसी वा अरबी कां आहेत याचाही विचार वाचकांनीं करावा.

इ.स.पू. ४४ च्या १५ मार्च रोजीं ज्यूलियस् सीझरचा वध झाला. अंगावर तेवीस वार होते असें सुएटोनियस् सांगतो. पुढें ब्रूटस् यानें आपल्या छावणींतून जें रुप्याचें नाणें पाडलें त्याच्या एका अंगावर मुक्त झालेल्या दासाची टोपी, तिच्या दोहों बाजूंस दोन छुरिका आणि खालीं त्या तिथीचा लॅटिन उल्लेख आहे. नाणकशास्त्रज्ञांस हें नाणें ठाऊकच आहे. त्यावरील दोन्ही मुठी सारख्या नाहींत. हा शिक्का कोरणाराचा हलगर्जीपणा नसून दोन निरनिराळ्या छुरिका दाखविण्याचा हेतु असावा, असें अनेकांस वाटतें. याच शिक्क्याचें एक सुवर्णनाणें २०२० सालीं लंडनमध्यें लिलावांत अपूर्व किंमतीस विकलें गेलें. नाणें खरें, परंतु त्याच्या मागील मालकीचे कागद खोटे ठरले, आणि २०२३ सालीं तें ग्रीस देशास परत करावें लागलें. वस्तु अस्सल आणि कागद बनावट! आमच्या स्नेह्यांच्या प्रकरणांत वस्तु बनावट होती आणि कागद, म्हणजे आमचा अभिप्राय, अस्सल होता.

आतां ही छुरिका कोणत्या बाजूस लावीत? येथें ग्रंथ आणि पाषाण यांचा झगडा आहे. यहुद्यांच्या युद्धाचा इतिहास लिहिणारा जोसेफस् पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांत लिहितो कीं, रोमन पदातीच्या डावीकडे तरवार आणि उजवीकडे वीतभर छुरिका असते. परंतु ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यांत सैनिकांच्या थडग्यांवरील ज्या मूर्ति आहेत त्या नेमकें उलट सांगतात. बाड क्रॉइट्स्नाख येथें दाल्मेशियन पथकांतील आन्नाइयस् नांवाच्या शिपायाचा थडग्याचा दगड आहे. तरवार उजवीकडे, छुरिका डावीकडे, पट्ट्याच्या कड्या व खिळेसुद्धां मोजून घ्यावेत इतकें स्पष्ट काम. असे दगड एक नव्हे, पुष्कळ आहेत. साध्या शिपायापुरता दगडाचा पाठ आम्हीं ग्राह्य धरतों. तथापि जोसेफस्‌ला अगदींच खोटें पाडूं नये. त्याची 'वीत' बरोबर आहे. उपलब्ध पातीं साधारणतः १८ ते २८ सेंटिमीटर भरतात आणि आपली वीत म्हणजे नऊ इंच, सुमारें २३ सेंटिमीटर. ती बरोबर मधोमध पडते.

केवळ भोंसकण्याचें हत्यार एवढाच या वस्तूचा अर्थ नव्हता. इ.स. ६९ मध्यें विटेलियस् या बादशहानें सिंहासन सोडतांना कंबरेची छुरिका काढून कॉन्सलपुढें धरली. प्रजेच्या जीवितावरचा हक्क आपण परत देतों असा त्या कृतीचा अर्थ होता, आणि कॉन्सलनें ती घेतली नाहीं. त्याआधीं चार वर्षें, इ.स. ६५ मध्यें, नीरोविरुद्ध कट झाला. त्यांतील स्कायविनस् नांवाच्या सरदारानें आपली जुनी छुरिका बोथट झाली म्हणून मिलिखस् या मुक्त दासाजवळ निसण्यावर लावावयास दिली. त्या दासास संशय आला, त्यानें पहांटेस जाऊन वर्दी दिली, आणि सारा कट उघडा पडला. टॅसिटस्‌नें हा प्रसंग सांगितला आहे. आम्हीं तो शाळेंत मुलांस अनेक वेळां सांगितला. परंतु बोथट झालेलें पातें निसण्यावर किती वेळ लावावें लागतें आणि त्यास किती माणसांचें लक्ष जाईल असा आवाज होतो, हें आम्हांस लोहाराच्या पडवींत बसल्यावर प्रथम कळलें.

इ.स. ११३ मध्यें उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावरील शिपायांजवळ छुरिका दिसत नाहीं. मग तिसऱ्या शतकांत ती पुनः मोठ्या, ओबडधोबड रूपांत आढळते. बव्हेरियांतील क्युन्त्सिंग येथील साठ्यांत अशीं पातीं डझनावारी निघालीं. तेव्हां 'रोमन छुरिका' असें मोघम म्हणून भागत नाहीं. कोणत्या शतकाची, कोणत्या अर्धाची, हा पहिला प्रश्न. कुर्ट एक्स्नर यानें १९४० सालीं नक्षीच्या म्यानांची यादी केली, इयन स्कॉट यानें १९८५ सालीं पातीं व म्यानें यांची वर्गवारी केली. त्या कामावरून आज हा प्रश्न बराच सुटतो. पोथीची शाखा ठरविल्यावांचून पाठनिर्णय करूं नये, तसेंच हें आहे.

पहिल्या शतकाच्या पूर्वार्धांतील चांगल्या छुरिकेचें रूप असें: पातें खांद्याशीं सुमारें पांच सेंटिमीटर किंवा थोडें अधिक रुंद, तेथून किंचित् आंत घेतलेलें, पुनः फुगलेलें, आणि मग लांबट अणीकडे निमुळतें होत गेलेलें. मधोमध उभी शीर, तिच्या दोहों अंगांस पन्हळी. मुठीचें बांधकाम हा या शस्त्राचा खरा विशेष. मुठींत शिरणारा पात्याचा भाग मध्यें. त्याच्या दोन्ही बाजूंस शिंगाच्या किंवा तशाच पदार्थाच्या पट्ट्या. त्यांवर बाहेरून दोन पातळ लोखंडी पत्रे. आणि हें सारें आरपार खिळ्यांनीं जखडलेलें. मध्यावर चकतीसारखी फुगवटी, जिच्यामुळें पकड सरकत नाहीं. शेंडा आरंभीं वाटोळा, पुढें अर्धचंद्रासारखा किंवा चौकटीसारखा होत गेला. मुठीच्या खालच्या आडव्या पट्टीनें पात्याचे खांदे कवेंत घेतलेले असत.

म्यानें दोन जातींचीं. एका जातींत पुढचा व मागचा असे दोन्ही लोखंडी पत्रे, आंत लांकडाचें अस्तर. दुसरींत मुख्य देह लांकडाचा व कातड्याचा आणि फक्त पुढील अंगास लोखंडी पत्रा. दोहोंस चार कड्या. जर्मनींतील हाल्टर्न येथील रोमन छावणीच्या दफनभूमींत २०१९ सालीं एक छुरिका म्यान व पट्ट्यासह निघाली. मातींतून आली तेव्हां ती गंजाचा लांबट गोळा होती. सुमारें नऊ महिने ती साफ करण्यांत गेले, तेव्हां चांदीची नक्षी, तांबडी कांच, मिना आणि आंतील लिंडन वृक्षाच्या लांकडाचें अस्तर हें सारें दृष्टीस पडलें. साध्या शिपायाच्या हत्यारावर एवढा खर्च कां, याचें उत्तर सुएटोनियस् देतो. सीझर आपल्या शिपायांस रुप्यासोन्यानें मढविलेलीं शस्त्रें बाळगूं देई. दिसण्यास बरीं हें एक, आणि मोलाचें शस्त्र हातचें जाईल या भीतीनें शिपाई तें लढाईंत घट्ट धरील हें दुसरें. ईजिप्तमधील इ.स. २७ च्या एका पपायरसावर एका घोडेस्वाराचें कर्जखत आहे. त्यांत हस्तिदंती जडावाच्या छुरिकेच्या म्यानाची किंमत हिशेबांत धरलेली आहे. कर्जखतें वाचण्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांस या शिपायाविषयीं आपुलकी वाटेल.

आतां आमच्या अभिप्रायाकडे वळतों. तो दिल्यावर कांहीं महिन्यांनीं आम्हांस हाल्टर्नच्या छुरिकेचीं मोठीं छायाचित्रें पाहावयास मिळालीं. त्यांतील चांदी लोखंडांत खोदलेल्या चरींत बसविलेली होती. स्नेह्यांच्या खंजिरावरील चांदी जेथें सुटली होती तेथें खालीं चर नव्हतीच. उभ्याआडव्या बारीक रेघांचें जाळें होतें. आपल्याकडील शस्त्रांचे जाणकार हा भेद ओळखतील. रेघांचें जाळें पाडून त्यावर तार ठोकून चिकटविणें ही कोफ्तगारी. चर खोदून, तिच्या कडा आंतून थोड्या कोरून, त्यांत तार ठोकून बसविणें हें तहनिशान. पहिलें काम स्वस्त व जलद, दुसरें चिवट. आम्हीं जन्मभर कट्यारी व पेशकब्ज पाहत आलों, तरी तो भेद समोर असून आमच्या डोळ्यांस दिसला नाहीं.

मग एकेक गांठ सुटूं लागली. पातें पहिल्या शतकाच्या घाटाचें. म्यान तिसऱ्या शतकाच्या मोठ्या चौकटीच्या घाटाचें. आणि त्यावरची नक्षी पुनः पहिल्या शतकाची. दोन शाखांच्या पोथ्यांवरून कोणीं अर्धवट माणसानें एक संमिश्र प्रत तयार करावी तसा प्रकार. स्नेह्यांच्या संमतीनें नक्षींतील काळ्या भरावाची क्ष-किरणांनीं परीक्षा करविली. त्यांत शिसें निघालें. चांदीवर जो काळा भराव करीत त्यासाठीं त्या काळचे रोमन कारागीर निव्वळ चांदी व गंधक यांचा संयोग वापरीत; शिसें घातलेला, सहज वितळणारा भराव हा त्यानंतर शतकानुशतकांनीं, मध्ययुगांत रूढ झाला. शेवटीं म्यानाच्या पाठीवर कानशीनें घासलेली जागा दिसली. तेथें करणाराची खूण होती. म्हणजे ज्या कारागिरानें ही वस्तु केली त्यानें ती प्रामाणिकपणें प्रतिकृति म्हणून केली असावी. लबाडी मागाहून दुसऱ्या कोणाच्या हातून झाली.

आम्हीं स्नेह्यांस पत्र लिहून अभिप्राय मागें घेतला. त्यांनीं मोठी रक्कम दिली होती. उत्तर आलें नाहीं. पुढें आठ महिने त्यांनीं आमच्या घराची पायरी चढली नाहीं, व आम्हांसही जाण्याचा धीर झाला नाहीं. त्या आठ महिन्यांत आम्हीं एक छुरिका करवून घेतली. चूक कबूल करणें सोपें. ती कोठें झाली हें कळण्यास वस्तु हातांतून जावी लागते. पाठशाळेंत गुरुजी पोथी समजली नाहीं कीं ती उतरून काढावयास सांगत, तेंच हें.

पहिली अडचण लोखंडाची. आज बाजारांत मिळतें तें लोखंड वितळवून ओतलेलें असतें. तें अंगानें एकजिनसी. रोमन लोखंड लहान भट्टींत लांकडी कोळशावर, न वितळतां, सच्छिद्र गोळ्याच्या रूपानें निघे, आणि घणाखालीं कीट पिळून काढून त्याची कांब होई. सह्याद्रींतील धावड लोक अशाच भट्ट्यांतून लोखंड काढीत. त्या आतां विझल्या. आमच्या गांवच्या वृद्ध लोहारानें तोड सुचविली: बैलगाडीच्या फार जुन्या चाकाची धाव. त्यानें तिला छिन्नीनें खांच पाडून वांकविली, तेव्हां ती कट्‌दिशी न तुटतां ओल्या बांबूसारखी धाग्याधाग्यांनीं फाटली. हे धागे म्हणजे लोखंडांत राहिलेलें कीट. अशी धाव घडीव लोखंडाची समजावी. येथें भारतीय लोखंडाचा प्रश्न कोणी विचारील. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक सागरवृत्तांत अरियाके प्रांतांतून तांबड्या समुद्राच्या पलीकडील बंदरांत हिंदी लोखंड व पोलाद जात असल्याची नोंद आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेंकडीवर १९४४-४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ति निघाली, तेव्हां व्यापाराचा दुसरा हातही आपल्या परिचयाचा आहे. परंतु यावरून एखादी रोमन छुरिका हिंदी पोलादाची होती असें म्हणणें हें नोंदीच्या पलीकडे जाणें होईल, व तें आम्हीं करीत नाहीं.

रोमन पात्यांची धातुपरीक्षा झाली आहे तींत कांहीं साध्या मऊ लोखंडाचीं, तर कांहीं पोलाद जोडलेलीं आढळतात. आम्हीं मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांत जुन्या कानशीच्या पोलादाची पट्टी घातली. लोहारास सांधण्यासाठीं टांकणखार हवा होता. आम्हीं बारीक धुतलेल्या वाळूचा आग्रह धरला. त्यानें तोंड वांकडें केलें, पण वाळूनें काम झालें. दगडी कोळशांतील गंधक तापल्या लोखंडास ठिसूळ करतो, म्हणून भट्टींत लांकडी कोळसाच घातला. मधली शीर उभारण्यासाठीं तिच्या दोहों अंगांस गोल तोंडाचें हत्यार ठेवून घणानें पन्हळी बसविल्या. कागदावर शीर ही एक रेघ असते. ऐरणीवर मात्र एका बाजूस शीर उचलावी तों दुसऱ्या बाजूची दबते, आणि पातें तरवडाच्या शेंगेसारखें पिळतें. पहिलें पातें पाण्यांत बुडवितांच खांद्यापाशीं तडकलें. दुसऱ्यास तेल दिलें तें टिकलें. दोन्ही आमच्याजवळ आहेत. तडकलेलें पातें अधिक शिकविणारें असल्यामुळें तें टेबलावर असतें.

मुठीचें काम सोपें समजत होतों. शिंग उकळत्या पाण्यांत मऊ करून, दाबून सपाट केलें, पत्र्यांमध्यें बसविलें, खिळे ठोकले. माघांत केलेली ती मूठ चैत्रांत फांकली. पत्रे व शिंग यांत नख जाईल अशी फट पडली. शिंग दाबांत ठेवून दोन महिने वाळूं द्यावें लागतें हें मागाहून कळलें. गंजलेल्या मूळ वस्तूंत शिंग बहुधा नाहींसें झालेलें असतें, म्हणून चित्रें पाहून काम करणारास या शिंगाच्या स्वभावाची कल्पनाच येत नाहीं.

नक्षीसाठीं चांदीच्या कामांत मुरलेला एक कारागीर मिळाला. त्यानेंही प्रथम कोफ्तगारीच सुरू केली. ती खरवडून चरी खोदावयास लावल्या. मग त्याच्या हातून एक गोष्ट घडली, ती पाठभेदांच्या अभ्यासकांस रुचेल म्हणून विस्तारानें सांगतों. आम्हीं दिलेल्या आकृतींत खजुरीच्या झांवळ्यांसारखी लांबट नक्षी होती. त्यानें तारा बसवून आणल्या तेव्हां त्या झांवळ्यांच्या जागीं कमळाच्या पाकळ्या उमटल्या होत्या. आम्हीं आकृति पुढें ठेवली. त्यानें ती नीट पाहिली आणि शांतपणें सांगितलें, 'गुरुजी, हेंच तर केलंय.' त्याला फरक खरोखरच दिसत नव्हता. अपरिचित शब्दाच्या जागीं लेखक परिचित शब्द लिहितो, आणि लिहितांना त्याची खात्री असते कीं आपण मक्षिकास्थानीं मक्षिका ठेवली. पोथ्यांतील सुलभ पाठ हे असे जन्मतात. हें आम्हीं चाळीस वर्षें शिकविलें, पण एखादा सुलभ पाठ जन्मतांना प्रथमच पाहिला. तो आम्हीं बदलविला नाहीं.

धार मात्र लावली नाहीं. १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाखालील नियमांत खंजिराचा नांवानेंच उल्लेख आहे, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचाही. जेथें सरकारी अधिसूचना लागू असेल तेथें परवाना लागतो. ज्यांना अशी प्रतिकृति करावयाची असेल त्यांनीं आधीं आपल्या जिल्ह्यांत चौकशी करावी.

ग्रंथास शुद्धिपत्र जोडतात त्याप्रमाणें आमच्या छुरिकेचीं अशुद्धें येथें नोंदवितों. धावेचें लोखंड घडीव असलें तरी तें अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या इंग्रजी भट्टीच्या रीतीचें असावें, रोमन रीतीचें नव्हे. शिंग म्हशीचें आहे. म्यानाचें अस्तर लिंडनऐवजीं पांगाऱ्याचें. कड्यांचें पितळ बाजारचें. रोमन कारागीर तांबें व जस्ताचा खनिज दगड एकत्र तापवून पितळ करीत व त्यांत जस्ताचा अंश मर्यादित राही. तांबडा मिना साधला नाहीं, म्हणून ती जागा रिकामी ठेवली. बाजारी प्रतिकृतींत तेथें लाख किंवा रंग भरतात, त्यापेक्षां लेखकानें न वाचतां आलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें द्यावींत हें बरें. कमळाच्या पाकळ्यांविषयीं वर लिहिलेंच आहे. मुठींतील पात्याच्या भागावर, शिंगाखालीं, आणि म्यानाच्या पाठीवर उघड, असें दोन ठिकाणीं 'प्रतिकृति' हा शब्द, गांव व शक खोलवर कोरविला आहे. उघडी खूण कोणी घासलीच, तर मूठ उकलल्यावर दुसरी सांपडेल.

आठ महिन्यांनंतर स्नेही एके दिवशीं सकाळीं आपला खंजीर फडक्यांत गुंडाळून घेऊन आले. दोन्ही वस्तु शेजारीं मांडून त्यांनीं बराच वेळ भिंगानें पाहिल्या. चहा झाल्यावर त्यांनीं आमच्या कारागिराचा पत्ता विचारला, आणि त्याच आठवड्यांत म्यानाच्या पाठीवर घासलेल्या त्या जागीं 'नक्कल' अशीं तीन अक्षरें कोरवून घेतलीं. त्या रूपांत तो खंजीर संग्रहास गेला. आमचा सहीचा अभिप्राय मात्र त्यांनीं परत दिला नाहीं. तो त्यांच्या दफ्तरांत बनावट कागदांच्या रुमालांत बांधून ठेविला आहे, असें ते भेटेल त्यास सांगतात.